उद्घाटनाआधीचा पहिला रुग्ण

माझं रक्त दाट आहे. दर दोन महिन्यांनी अर्धा लिटर काढून टाकावं लागतं. मोराव्हा नदीकाठच्या आमच्या गावच्या इस्पितळात हृदयाचे आणि रक्ताचे रुग्ण एकाच विभागात ठेवतात. तिथे तीन सिस्टर होत्या. दोघी जर्मनीला गेल्या, उरली स्पासेनिया.

भेटीच्या वेळी ती दारातच उभी असायची. "पिशवी उघडा."

"सिस्टर, चर्चमधलं पवित्र पाणी आहे हो," एक बाई एकदा म्हणाली.

स्पासेनियाने बूच काढून हुंगलं. "हे पवित्र पाणी आलुबुखार आंबवून गाळलेलं दिसतंय. संतांना नेऊन द्या, त्यांची हृदयं ठणठणीत आहेत."

मग आम्हाला नवा कक्ष मिळाला. म्हणजे बांधून झाला, मिळाला नाही. सहा खाटा, सहा यंत्रं आणि दाराला कुलूप. फीत कापायला राजधानीतल्या सचिवसाहेबांना तारीख सापडत नव्हती. चार महिने रुग्ण व्हरांड्यातच.

दर सोमवारी स्पासेनिया संचालकांकडे, डॉक्टर रातोमिर यांच्याकडे, किल्ली मागायला जायची.

"सिस्टर, उद्घाटनाआधी कुणी झोपलं तर चादरी चुरगळतील."

"आणि व्हरांड्यात कुणी गेलं तर?"

"तशी वेळ येऊ देऊ नका." हा वैद्यकीय सल्ला देऊन ते फाईलमध्ये डोकं घालायचे.

अखेर सचिव आले. कुलूप निघालं, दारात लाल फीत बांधली. चालता येणाऱ्या आम्हा रुग्णांना धुतलेले पायजमे चढवून भिंतीशी उभं केलं. संचालक बोलायला लागले. अकराव्या मिनिटाला त्यांचा आवाज चिरकला, कपाळावर घाम फुटला आणि हात जबड्याकडे गेला. सगळ्यांना वाटलं, गहिवरले. स्पासेनिया गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"डॉक्टर, जबडा दुखतोय?"

"दात दुखतोय. भाषण संपू द्या."

"तुमचा एकही दात तुमचा नाही. चला आत."

सचिवांच्या हातात उद्घाटनाची कात्री होती. "द्या इकडे," म्हणत तिने ती काढून घेतली, एका फटक्यात फीत कापली, संचालकांना पहिल्या खाटेवर आडवं केलं आणि त्याच कात्रीने त्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत फाडला. सचिवांची दोन बोटं अजून कापायच्या पवित्र्यात हवेत होती. फोटोग्राफरने फोटो काढला.

तिने छातीला तारा लावल्या, कागद निघाला. धावत आलेल्या डॉक्टरांनी तो पाहून मान हलवली, झटकाच होता. त्यांनी सांगताच तिने ॲस्पिरिन चघळायला दिली. मोठ्या शहरात न्यायला रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली.

"स्पासा, मरतोय का गं मी?"

"बोलू नका. आज पुष्कळ बोललात."

पण चाळीस मिनिटं तिने त्यांचा हात सोडला नाही. रुग्णवाहिका गेल्यावर ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि डोळे पुसू लागली. मी दुसरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटोखाली छापून आलं: 'संचालकांनी स्वतः घेतली नव्या यंत्रांची चाचणी.'

तोवर तिने व्हरांड्यातले रुग्ण आत हलवले होते. कार्यालयातला बाबू धावत आला. "सिस्टर, सचिवांनी फीत कापलीच नाही! उद्घाटन झालेलं नाही!"

"मग गाठ मारून देते. बोलवा त्यांना परत."

संचालक वाचले. दोन महिन्यांनी तपासणीला आले, निम्मे झालेले, हातात एक कागद घेऊन. मी नेमका रक्त काढून घ्यायला आडवा पडलो होतो.

"वरून आलंय, स्पासा. अनधिकृत उद्घाटनाबद्दल तुझा खुलासा हवाय." ते मान वर करेनात. "मला पुढे पाठवावाच लागेल गं."

माझ्या दंडाला पट्टा आवळता आवळता तिने कागदामागे लिहिलं: 'रुग्ण दगावला असता, तर खुलाशाची गरज पडली नसती. चूक झाली.'

संचालकांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बाही वर केली. तिने रक्तदाब पाहिला. "मीठ सोडलेलं नाही तुम्ही," एवढंच म्हणाली.

त्याच वर्षी तिने निवृत्तीचा अर्ज केला. वरून उत्तर आलं, दुसरी सिस्टर मिळेपर्यंत थांबा. त्याला आता सहा वर्षं झाली.