वाघाटीच्या पिल्लांचे डॉक्टर

डॉ. भिकनरावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत, मालकाची खरडपट्टी काढताना. त्यांच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. कोंबड्या पळवणारं 'बिबट्याचं पिल्लू' मालकाने पिंजऱ्यात कोंडलं होतं. साहेब कडाडले, "कोंबड्या तुन्या, जाळी तुन्ही, भोकबी तुन्हंच! मंग तिनावर कसाले राग काढस?" ती वाघाटी होती, रानमांजराची एक छोटी जात. पूर्ण वाढलेली, तरी घरच्या मांजरापेक्षा लहान, अंगभर तांबूस ठिपके. साहेबांनी आधी जाळी शिवून घेतली, मग तिला सोडलं.

आपल्याकडची वाघाटी ही भारतीय उपप्रजाती. डोंगरउतारावरची झुडपं गेली तशी ती उसात शिरली, आणि तिथे कुत्री नि सुरतेकडे धावणाऱ्या गाड्या तिच्या मुळावर उठल्या. वाघ मेला तर पेपरात येतं, हिचं कुणाला कळतही नाही, असं साहेब म्हणत. रस्त्यावर मेलेली वाघाटी दिसली की जीप थांबवून ते तिला कडेला नीट ठेवत. आम्ही मागून त्यांना 'वाघाटीचे मामा' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. बहुधा आवडतही असावं.

साहेब निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. ऊसतोडणीत दोन पिल्लं सापडली. तोडणारी माणसं वाघदेवाला मानणारी कोकणी आदिवासी. ठिपके पाहून त्यांना वाटलं, ही देवाचीच लेकरं! त्यांनी भक्तिभावाने पिल्लं देवापाशी नेली आणि कपाळाला शेंदूर लावला. झालं! आई भेटली नाही तर पिल्लं जगणार नव्हती, आणि तिने शिसं असलेला तो शेंदूर चाटला तर तिच्याही पोटात विष. निरोप मिळताच साहेबांबरोबर मीही धावले.

"अहो, काय करून ठेवलंत हे!" मी ओरडलेच. साहेबांनी मला डोळ्यांनी दटावलं. चपला काढून त्यांनी देवाला हात जोडले. पिल्लं तोडणीच्या टोळीतल्या जमनाआजींच्या पदरात होती आणि त्या देईनात. देवाला दिलेलं परत घेतलं तर देव कोपेल, असं त्यांचं म्हणणं. साहेब त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "आजी, यास्नी मायबी देवनीच शे ना? ती वाट दखी ऱ्हायनी व्हई."

आजींनी थोडं तेल मागवलं आणि आपल्याच लुगड्याच्या टोकाने शेंदूर पुसून काढला.

उरलेला ऊस तसाच ठेवायला शेतमालक कुरकुरले. साहेबांनी त्यांनाही आमच्याबरोबर लांबच्या बांधावर बसवून घेतलं. पिल्लं सापडली त्याच जागी, पाचटावर, टोपली ठेवली. दिवस मावळताना वाघाटी आली. एक पिल्लू तोंडात धरून उसात शिरली. दुसरं टोपलीत ओरडत राहिलं.

"गई वं ती," मालक पुटपुटले. कुरकुर कुठल्या कुठे गेली होती. साहेबांनी माझं मनगट धरलं. त्यांची नजर टोपलीवरून हलेना. इतकी जनावरं हाताळलेला हा माणूस!

ती आली. दुसरंही घेऊन गेली. जमनाआजी खुदकन हसल्या आणि आमचे साहेब रडले, सगळ्यांसमोर, डोळे न पुसता.

त्या शिवारात आता पिल्लं दिसली की तोडणी आपसूक थांबते. तरी फोन साहेबांनाच येतो, आणि दुखऱ्या गुडघ्यांना शिव्या देत ते निघतात. पंच्याहत्तरीनिमित्त त्यांना उदंड, निरोगी आयुष्य मागताना मी निःस्वार्थी असल्याचा आव आणणार नाही. बांधावर थांबायचा धीर आम्हांला तुमच्यामुळे आहे. साहेब, ऊस तोडणीला आलाय. बरे राहा.