जगदेव, हळद आणि रोहणकरसाहेबांचा बुशशर्ट

आमच्या वाशीमच्या कॉलेजात मी सहा वर्षं रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात मुलांना रसायन जगदेव दाखवायचा आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून घड्याळ बघायचो. हे आता कबूल करायला हरकत नाही. आता मला नोकरीवरून कोणी काढू शकत नाही.

जगदेव पुंजाजी हा आमचा लॅब अटेंडंट. चाळिशीचा, काटकुळा, सातवीपर्यंत शिकलेला, खांद्यावर कायम एक फडकं. एखाद्या बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली की आमचे विभागप्रमुख काळबांडे सर पुस्तक उघडायचे. तोवर जगदेव बूच काढून, हातानंच वास नाकाकडे ओढून, आत काय आहे ते सांगून मोकळा झालेला असायचा. सर म्हणायचे, वासावर विसंबू नये. मग अर्धा तास पुस्तक पाहून तेच सांगायचे.

अशा माणसाला कॉलेजनं अकरा वर्षं हंगामी ठेवलं होतं. जूनमध्ये घ्यायचं, एप्रिलच्या शेवटच्या दिवशी काढायचं. त्या दिवशी तो लॅबची किल्ली माझ्या हातावर ठेवायचा आणि उन्हाळाभर लोकांच्या भिंतींना चुना मारत फिरायचा. ती किल्ली घेताना मला लाज वाटायची. पण घ्यायचो.

चौऱ्याहत्तर साली प्राचार्यांनी त्याला बोलावून स्पष्टच सांगितलं. बाहेरच्या परीक्षकांनी लॅबबद्दल चांगला शेरा लिहिला, तर त्याला कायम करू. वाईट लिहिला, तर जूनमध्ये दुसरा माणूस बघू. जगदेवनं मग महिनाभर काचेचं एकेक भांडं घासलं. ब्युरेटची एक लांब काचनळी तर इतकी स्वच्छ झाली की मी तिला दोनदा धडकलो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठ वाजता कळलं, की फिनॉल्फ्थॅलिन संपलं आहे.

ज्यांचं रसायनशास्त्राशी वाकडं आहे त्यांच्यासाठी सांगतो. फ्लास्कमध्ये सिरका, म्हणजे व्हिनेगर, घ्यायचा, वरून ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडायचा. सिरक्याचा आंबटपणा नेमका कधी संपला हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब आधीच टाकून ठेवायचे. आंबटपणा संपला की ते गुलाबी होतं. ते नसेल तर बत्तीस मुलं संध्याकाळपर्यंत सोडा सोडत बसणार.

काळबांडे सरांनी फिनॉल्फ्थॅलिनच्या पुडीची रिकामी डबी जगदेवच्या पुढ्यात आपटली. जगदेवनं मान खाली घालून जे सांगितलं ते ऐकून मी खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण हसणं शोभलं नसतं. झालं होतं असं, की सरांनीच वर्गात सहज सांगितलं होतं, ही पांढरी पूड जुलाबाचं औषध म्हणूनही देतात. ही बातमी व्हरांड्यातून हेडक्लार्क गोविंदाबाबूंपर्यंत गेली. त्यांचं पोट वर्षानुवर्षं तटलेलं. आणि जगदेवची फाईल त्यांच्याच टेबलावर तटलेली. ते रोज चिमूटभर मागायचे आणि जगदेवला नाही म्हणवत नव्हतं.

"लेका, पोट त्याचं साफ झालं आन् मुंडी माही जाते," सर म्हणाले.

मग सरांनी मिथिल ऑरेंजची बाटली काढली. रंग बदलणारं काहीही चालेल, म्हणाले. मी ताबडतोब मान डोलावली. साहेबांपुढे मान डोलावणं हेच तर माझं मुख्य काम होतं. जगदेव मात्र म्हणाला, सिरक्याले हे चालत नाई. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मीच एक पाऊल मागे सरकलो. त्यानं काही वाद घातला नाही. फ्लास्कमध्ये सिरका घेतला, मिथिल ऑरेंज टाकलं, वरून सोडा सोडला. जरा वेळात लाल पाणी पिवळं झालं. सर विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघतात तोच त्यानं तो फ्लास्क त्यांच्या नाकाखाली धरला. सिरक्याचा असा भपकारा आला, की सरांना ठसका लागला.

"अकरा सालं फ्लास्क धुतो, सर," जगदेव म्हणाला. "हा रंग घाई करते. पाव सिरका मरत नाई तं हा पयलेच बदलून बसते."

पुस्तकात हेच दोन पानांत लिहिलं आहे. ते मी दोनदा पाठ केलं होतं आणि दोनदा विसरलो होतो.

उपाय त्याच्या घरीच होता. मालेगावच्या सासुरवाडीहून नवी हळद आलेली. त्याची बायको कस्तुराबाई डबा घेऊन आली, आणि हळद लावायले कोन नवरदेव बसला हाये इथं, असं विचारून, उत्तराची वाट न पाहता निघून गेली. जगदेवनं हळद स्पिरिटमध्ये ढवळून गाळली. सिरक्यात थेंब टाकले: पिवळे. सोडा सोडत गेला: पिवळे, पिवळेच. आणि मग एका थेंबाला एकदम लाल. सरांनी वास घेतला. आंबट काहीच नव्हतं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आमच्याकडे धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आम्हा दोघा पदवीधरांना तेवढं सुचलं नव्हतं.

परीक्षक रोहणकरसाहेब अकोल्याच्या गाडीनं आले. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र बुशशर्ट, चेहऱ्यालाही इस्त्री. पिवळी बाटली बघून त्यांनी विचारलं, हे काय. त्यांनी बाटली उचलून जोरात हलवली. बूच उडालं आणि ऐन छातीवर हळदीचा पट्टा उमटला.

जगदेव धावला आणि खांद्यावरचं फडकं त्यावर दाबलं. त्याच फडक्यानं तो सकाळपासून टेबलांवरचा कॉस्टिक सोडा पुसत होता. पट्टा लालभडक झाला. दारातला शिपाई "साहेबाले लागलं" असं ओरडत प्राचार्यांकडे पळाला. जगदेवनं घाबरून सिरका ओतला, पट्टा पिवळा. पण आता साहेबांना लोणच्याच्या बरणीचा वास येऊ लागला, म्हणून त्यानं साबण फिरवला, पुन्हा लाल. मग पुन्हा सिरका. प्राचार्य धापा टाकत आले तेव्हा साहेब पिवळे होते, त्यामुळे त्यांना कोणाला काय लागलं ते कळेना.

मी मनात म्हटलं, संपलं. अकरा वर्षं एका बुशशर्टात बुडाली. जगदेव एका हातात साबण आणि दुसऱ्या हातात सिरका घेऊन उभा होता. मला त्याची इतकी दया आली, की सगळं माझ्यामुळे झालं असं सांगावं असं वाटलं. सांगितलं नाही, हेही नमूद करतो.

साहेब मात्र छातीकडे टक लावून बघत होते. त्यांनी जगदेवला विचारलं, प्रत्येक वेळी पहिला रंग जातो कुठे?

"कुठी जात नाई, साहेब," जगदेव म्हणाला. "दोनी रंग तिथंच रायते. ज्याचा जोर जास्त, त्याचा दिसते. जोर फिरला का तो बी फिरते."

साहेबांनी काळबांडे सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

मग साहेबांनी ओल्या शर्टानिशी स्वतः ब्युरेट भरली, हळद टाकली आणि प्रयोग केला. लाल रंग आला तेव्हाचा सोड्याचा आकडा त्यांनी खिशातल्या बंद पाकिटातल्या उत्तराशी ताडून पाहिला. बरोबर होता. सबंध परीक्षा हळदीवर झाली. बत्तीसपैकी एकतीस मुलं पास झाली. बत्तिसाव्यानं सिरकाच सांडला होता.

जाताना त्यांनी शेरा लिहिला. सरांनी तो मोठ्यानं वाचला: "प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलिन नाही. जगदेव आहेत. यांपैकी एकच ठेवणे शक्य असल्यास जगदेव यांना ठेवावे."

जगदेवला कायम करण्याचा प्रस्ताव तीन आठवड्यांत मंजूर झाला. डबीबद्दल कोणी चौकशी करण्याआधीच गोविंदाबाबूंनी त्याची तटलेली फाईल स्वतःच्या हातानं वर नेऊन दिली होती.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी जगदेवनं लॅब बंद केली. मी सवयीनं हात पुढे केला.

त्यानं माझ्या हाताकडे बघितलं, किल्ली आपल्या खिशात टाकली आणि विचारलं, "आता कायले, सर?"

मी हात मागे घेतला. रिकामा हात घेऊन घरी जाताना मला आयुष्यात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.