कोंबडीतली लोकर

मास्तर म्हणजे बोलण्याच्या बाबतीत अगदी चिकट माणूस. पँट आखूड करायला कुणी आलं की "किती?" एवढंच विचारायचे आणि न्यायला आलं की "झालंय" एवढंच सांगायचे. मधलं सगळं बोलणं बायकोकडे सोपवलेलं. दुकान कसलं, राहत्या घराचीच पुढची खोली. तिथे मशीनच्या पलीकडे स्टुलावर बसून ती दोघांच्या वाटणीचं बोलायची आणि बोलता बोलता कोंबड्या शिवायची.

कोंबड्या म्हणजे टाचण्या खोचायच्या, कापडाच्या. उरलेल्या तुकड्यांचे दोन चौकोन उलटे शिवायचे, बोटभर तोंड ठेवून सुलटे करायचे, पेन्सिलीच्या बोथट टोकाने कोपरे बाहेर काढायचे. वर लाल तुरा, पुढे चोच आणि डोळ्यांच्या जागी शर्टाची दोन बटणं. जोडीची बटणं मिळतील तर शपथ, त्यामुळे प्रत्येक कोंबडी जरा तिरकीच बघायची. "ही बघा, हुबेहूब माझी नणंद," असं बायको गिऱ्हाइकाला सांगायची. नणंदेचा भाऊ खाली मान घालून मशीन चालवत राहायचा.

आता आतली गोष्ट. कोंबडीच्या पोटात कडेने बारीक चिंध्या असायच्या, पण मधोमध असायचा मूठभर गुंतवळ, बायकोच्या स्वतःच्या केसांचा. रोज विंचरून झालं की कंगव्यातला गुंतवळ ती धुऊन, वाळवून बिस्किटांच्या डब्यात टाकायची. केसांचं तेल काही केल्या पुरतं जात नाही आणि त्यात खोचलेली सुई वर्षानुवर्षं गंजत नाही. पण हे लोकांना कसं सांगणार? नाकं मुरडतील. म्हणून कुणी विचारलं, आत काय हो भरलंय, की दोघांचं उत्तर ठरलेलं, "लोकर." इतक्या वर्षांत मास्तर बायकोच्या आधी बोलले असतील तर हा एकच शब्द.

मग ती आजारी पडली. औषधांनी आधी केस गेले, मागोमाग ती गेली. मशीनच्या खणात एक कोंबडी राहिली, शिवून सुलटी केलेली, पोट रिकामं. आणि डब्याच्या तळाशी राहिला एक मूठ गुंतवळ, काळ्यात पांढरा मिसळलेला. मास्तर दुकान बंद केलं की डब्याचं झाकण काढायचे, वास घ्यायचे आणि झाकण लावायचे. कोंबड्या मागायला कुणी आलं तर "बंद" म्हणायचे. स्टुलावर त्यांनी इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली होती, रिकामं स्टूल बघवत नव्हतं म्हणून.

दूर दिलेली मुलगी आठवड्याला फोन करायची. एकदा म्हणाली, "बाबा, आईची एखादी कोंबडी असेल का हो? सगळ्या जगाला वाटल्या तिने, आपल्या घरात एक नाही. पुढच्या आठवड्यात येतेय मी, एक दिवसापुरती."

फोन ठेवून मास्तरांनी मशीनचा खण उघडला. कोंबडी होती, ती द्यायलाही हवी होती. पण भरायचं काय? कापूस भरला तर मुलीला काय कळणार होतं? गुंतवळ डब्यात राहिला असता, त्याच्या वासावर रोजची संध्याकाळ निभावली असती. कापूस आणून ठेवलासुद्धा त्यांनी. पण हात पुढे होईना. नुसता कापूस भरायचा तर मग ती हिच्या हातची कोंबडी कसली? अर्धा गुंतवळ ठेवून अर्धा घालू, असंही करून पाहिलं. मध्ये पोकळी राहिली, सुई डगडगायला लागली. आईवर लेकीचाही हक्क आहे की नाही? मास्तरांनी सगळा गुंतवळ आत घातला, कडेने चिंध्या ठासल्या आणि तोंड शिवून टाकलं. नंतर डबा घासून पालथा घातला आणि त्याच्याकडे पाठ करून रडले.

मुलगी आली, जेवली, आईचे कपडे आवरून दिले. निघताना कोंबडी तळहातावर घेऊन म्हणाली, "किती घट्ट भरलीय. आत काय आहे?"

"लोकर," मास्तर म्हणाले.

जिभेला सवय पडलेली, दुसरं काय! चूक त्यांच्या लगेच लक्षात आली. पण दारात गाडीवाला हॉर्न वाजवत होता, मुलगी वाकून पाया पडत होती. फोनवर सांगू, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्यासारख्याला ते वाक्य म्हणजे डोंगरच. कापड कापताना, चहा उकळताना ते घोकत राहिले. 'अगं, ते तुझ्या आईचे केस आहेत.' फोन वाजला तेव्हा वाक्य अगदी ओठांवर होतं.

"बाबा, रागावणार नसाल तर एक सांगू?" मुलगीच आधी बोलली. "कोंबडी माझ्या हाती राहतेय कुठे, आमच्या छकुलीने पळवली. दिवसभर कडेवर घेऊन फिरते. पण तिला लोकर सोसत नाही हो, अंगभर चट्टे उठतात. तुम्हाला बोलले नव्हते ना मी कधी?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"म्हणून मी पोट उसवलं आणि कापूस भरला. आईची शिवण होती तशीच ठेवली हं, फक्त तुम्ही घातलेले टाके काढले, तुमचा हात ओळखते मी."

"आतलं काय केलंस?"

"टाकलं. कचऱ्याची गाडी परवाच येऊन गेली. का हो?"

मास्तरांनी पालथ्या डब्याकडे पाहिलं. सांगितलं तर पोरगी जन्मभर स्वतःच्या हातांकडे बघत रडेल. नाही सांगितलं तर हे एकट्याने सोसायचं. एकट्याने राहायची सवय आता होतच होती.

"काही नाही, सहज विचारलं."

"पण काय मऊ होती हो ती लोकर. काळीपांढरी. आई कुठून आणायची?"

"घरचीच होती," मास्तर म्हणाले.