खारीचा आवाज

व्याख्यात्याने ‘काही शंका?’ असे विचारले, की मॅडम चष्मा काढून पर्समध्ये ठेवत आणि उभ्या राहत. चष्मा का काढता, असे मी एकदा धीर करून विचारले होते. “उत्तर देणाऱ्याचा चेहरा दिसला, की मला दया येते,” त्या म्हणाल्या. मग सभागृहाला पाठ झालेला त्यांचा प्रश्न येई, “हे सगळं ठीक आहे. पण देणार कोण?”

आम्ही पुण्यातले काही पशुवैद्य महिन्यातल्या एका रविवारी एका हॉटेलात जमत असू. विषय असे कुत्र्या-मांजरांचे हार्मोनचे आजार. मधुमेह, थायरॉइड वगैरे. हे आजार सहसा बरे होत नाहीत. रोजच्या औषधाने आयुष्यभर आटोक्यात ठेवावे लागतात. पडद्यावर ‘इन्सुलिन, दिवसातून दोनदा’ असे उमटले, की आम्ही मान खाली घालून लिहून घेत असू. मॅडम लिहीत नसत. त्या चष्मा काढत.

“मालकांचं समुपदेशन करावं,” बाहेरगावचा व्याख्याता सौजन्याने सांगे.

“समुपदेशन मी करते हो. इंजेक्शन देणार कोण?”

हा संवाद बरोबर जेवणाच्या तोंडाशी घडत असल्याने मॅडम फारशा लोकप्रिय नव्हत्या. “बाई, पनीर निवतंय,” असे मागून कोणीतरी पुटपुटे. प्रत्येक सभेत असे एक माणूस आपणही पाहिले असेल, जे उठताच बाकीचे घड्याळाकडे पाहतात.

मी शेवटच्या रांगेत बसत असे. उमेदीची वर्षे प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासण्यात गेली. जिवंत जनावराला हात लावायला मी पन्नाशी उलटल्यावर सुरुवात केली. त्यामुळे आजाराचे आकडे मला ठाऊक होते, पण जनावराला धरावे कसे हे ठाऊक नव्हते. ते शिकायला मी मॅडमच्या कसबा पेठेतल्या दवाखान्यात जाऊ लागलो. शेजारी तांब्याची भांडी ठोकण्याचे काम दिवसभर चाले. “इथे स्टेथोस्कोप लावला की हंडा ऐकू येतो,” मॅडम म्हणत. “हंड्याच्या पलीकडे ऐकायला शिका.”

मुकादम त्या दवाखान्यात कसा आला, ते माझ्यासमोर घडले. एक तरुण जोडपे पांढऱ्या, लोकरीच्या गुंडाळीसारख्या म्हाताऱ्या पॉमेरियनला घेऊन आले होते. त्याला मधुमेह होता आणि त्यातच मोतीबिंदू होऊन दोन्ही डोळे गेले होते.

“मॅम, आम्ही दोघंही ऑफिसला असतो. रोज दोनदा इंजेक्शन प्रॅक्टिकल नाहीये,” तरुण म्हणाला. “त्याला झोपवून टाकता येईल का? म्हणजे, शांतपणे?”

“शांतपणेच टाकतात. आरडाओरडा करून टाकत नाहीत.”

तरुणी रडू लागली, तेव्हा मॅडमचा आवाज उतरला. “रडू नका. तुम्ही वाईट नाही. तुम्ही घरी नाही, एवढंच.”

कुत्रा राहिला. दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेतल्यासारखा कान हलवत असे, म्हणून त्याचे नाव मुकादम पडले.

मुकादमाची एक अडचण होती. इन्सुलिन पोटात अन्न गेल्यावरच द्यायचे असते. उपाशी जनावराला पूर्ण मात्रा दिली तर साखर उतरून ते दगावू शकते. आणि मुकादम एकटा जेवत नसे. दिसत नसल्याने, शेजारी कोणी खात असल्याचे ऐकू आले तरच तो भांड्यात तोंड घाली. म्हणून मॅडम सकाळ-संध्याकाळ त्याच्याजवळ जमिनीवर बसून खारी खात. कुरकुर आवाज करत, तोंड उघडे ठेवून, आयुष्यभराचे वळण मोडून.

“आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवला तर?” मी एकदा सुचवले.

“करून पाहिला. तो फोनवर भुंकला. तुमच्यापेक्षा हुशार आहे.”

पुढे त्यांच्या मनगटावरचे घड्याळ सैल होऊन कोपराकडे घसरू लागले. त्यांनीच एका संध्याकाळी सांगितले. “माझा रिपोर्ट आला. पोटाचा आहे, आणि पसरलाय. आपल्या विषयातला नाही. हार्मोनचा असता, तर इतके रविवार ऐकलेलं उपयोगी तरी पडलं असतं.” त्या हसल्या. मग खाली बसल्या आणि खारी खाऊ लागल्या. दोन घासांनंतर त्यांना मळमळून आले. त्यांनी तोंडावर रुमाल धरला, थोडे थांबल्या. तिकडे मुकादमाचेही तोंड भांड्यावर थांबले. त्यांनी पुन्हा खारी उचलली.

“मॅडम, राहू द्या. मी खातो.”

“तुमचा आवाज त्याला अजून परका आहे. मला भूक नसते हो आता, पण त्याला ते कळून चालायचं नाही. आणि लक्षात ठेवा, मध्येच थांबायचं नाही. आपण थांबलो, की तोही थांबतो.”

ज्या रविवारी त्या शेवटच्या आल्या, त्या दिवशीही विषय मधुमेहाचाच होता. ‘काही शंका?’ झाले. मॅडम खुर्चीचा आधार घेऊन उठल्या. या वेळी त्यांनी चष्मा काढला नाही. व्याख्यात्याकडे न पाहता त्या आमच्याकडे वळल्या.

“एक नर आहे. वय झालेलं, आंधळा, मधुमेही. दोनदा इंजेक्शन लागतं. सोबत बसल्याशिवाय जेवत नाही. मालकीण आजारी आहे, फार दिवस नाही राहायची. दुसरं कोणी नाही. देणार कोण?”

सभागृहाला ती नेहमीसारखी एक केस वाटली. मागून एका तरुण डॉक्टरने सरळ मनाने उत्तर दिले, “मॅडम, अशा केसमध्ये युथनेशियाच बरं. जनावराचेही हाल नकोत.” बऱ्याच माना हलल्या. ते उत्तर चुकीचे होते, असे मला आजही म्हणता येत नाही.

मॅडम एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरोबर. चला, पनीर निवेल.”

जिन्यात मी त्यांना गाठले. “मी देईन,” म्हणालो.

“तुम्ही? माइक पाहिला तरी तुम्हाला घाम फुटतो.”

“त्याला माइक लागत नाही.”

त्या कठडा धरून एक पायरी उतरल्या. “उद्यापासून या,” एवढेच म्हणाल्या.

मग मी रोज गेलो. आम्ही तिघे जमिनीवर बसत असू; त्या खात, मी खाई, मुकादम जेवी. इंजेक्शन मी देई. हळूहळू त्यांचा आवाज कमी आणि माझा जास्त करायचा, अशी त्यांची योजना होती. तिला जितके दिवस हवे होते, तितके दिवस मॅडमकडे नव्हते.

त्या गेल्यावर मी मुकादमाला येरवड्याला माझ्या घरी आणले. त्याचे भांडे आणले, पांघरूण आणले, खारीही त्यांच्याच बेकरीतली आणली. पहिले काही दिवस तो दोन-चार घास घेई. मात्रा कमी करून मी इंजेक्शन देत राहिलो. मग तो भांड्याला तोंड लावीनासा झाला. सलाइन लावले, माझ्याहून जाणत्यांना विचारले. सगळ्यांनी तेच सांगितले, जे मला माहीत होते: तो खात नाही, तोवर इलाज नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी भांडे ठेवले आणि शेजारी बसून खारीचा तुकडा मोडला. पहिल्या कुरकुरीला त्याचे कान उभे राहिले. तो उठला, भिंतीच्या आधाराने माझ्यापर्यंत आला. माझा हात त्याने नीट हुंगला. बोटे, तळवा, मनगट. मग वळला आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसला.

मी थांबलो नाही. तोंड उघडे ठेवून, मोठ्याने, हातातली खारी मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.