चार वाजताचं पाणी

लिव्हिना व्हर्बिस्तच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी चार वाजता पाणी भरायचं, आणि ती ते खराट्यानं झाडून परसात काढायची.

बाहेरगावचा माणूस हे ऐकून हसतो. हसू द्या. अँटवर्पकडच्या आमच्या गेल गावात कुणी हसत नाही. इथं शेकडो वर्षं घराघरांतून पाहुणे राहत आलेत. बाहेर ज्यांना वेडे म्हणतात आणि कुलपात घालतात, ते आमच्याकडे ताटाला ताट लावून जेवतात, बटाटे सोलतात, गाई चारतात आणि घरच्या बाईला आई म्हणतात, मग ती वयानं दहा वर्षांनी लहान का असेना. त्यांच्याशी कसं वागायचं हे पोरांना बोलता यायला लागलं की दोन वाक्यांत शिकवतात. त्याला काय होतंय ते विचारायचं नाही. त्याला जे दिसतं त्याला ‘नाही’ म्हणायचं नाही. एवढं ज्याला जमत नाही त्यानं पाहुणा ठेवू नये.

एव्हारिस्त आला तेव्हा लढाई संपून दोन वर्षं झाली होती. पन्नाशीचा, उंच, खांद्यात वाकलेला, आणि सोबत एक ट्रंक आणि एक रंगांची पेटी. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: चित्रकार, स्वभाव गरीब, पाण्याला भितो. लिव्हिनाचा नवरा गोमार म्हणाला, “पाण्याला भितो ना? मग आंघोळीचा साबण वाचला.” गोमारची जीभ अशीच. पण त्याच संध्याकाळी त्यानं पाहुण्याच्या खोलीच्या खिडकीची फट लाकडाची पट्टी ठोकून बुजवली, हेही सांगायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी चारच्या कॉफीच्या वेळी एव्हारिस्तनं पाय उचलून बाकावर घेतले. त्याचा चेहरा मातीसारखा झाला. फरशीकडे बघत तो म्हणाला, “आई, आलं.” काय आलं ते लिव्हिनानं विचारलं नाही. तिच्या आईनं आणि आजीनं पाहुणे सांभाळले होते, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं फक्त विचारलं, “कुठून काढू?”

“मागच्या दारानं.”

तिनं मागचं दार उघडलं, खराटा घेतला आणि चुलीपासून उंबऱ्यापर्यंत लाल फरशी झाडत गेली. चांगला दम लागेपर्यंत झाडली, कारण खोटं झाडलेलं पाहुण्याला लगेच कळतं. एव्हारिस्तनं एक पाय खाली टेकवून बघितला, मग दुसरा. मग त्यानं कॉफी प्यायली आणि ब्रेडचे तीन तुकडे खाल्ले. गोमार गोठ्यातून येऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “तुझं तळं उपसून झालं असेल तर मलाही कॉफी मिळेल का?”

हे पुढं रोजचंच झालं. अकरा वर्षं.

पण काही दिवस पाणी ऐकायचं नाही. चाराच्या आधीच यायचं आणि झाडूनही जायचं नाही. मग एव्हारिस्त आठ-आठ दिवस बिछान्यात पडून असायचा, हात एवढे थरथरायचे की लिव्हिना त्याला चमच्यानं भरवायची. या दिवसांत त्यानं कधी एक रेघसुद्धा ओढली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण शहरात लोक भलतंच समजतात. त्यांना वाटतं वेड चढलं की ब्रश आपोआप चालतो. लिव्हिनानं ते दिवस काढलेत. त्या दिवसांत ब्रश काय, पेज भरलेला चमचा त्याच्या हातात राहत नसे.

चित्र यायचं ते पाणी ओसरल्यावर. डोकं स्वच्छ झालं, दाढी केली, की तो ब्रेड भाजायच्या जुन्या भट्टीच्या खोलीत जाऊन बसायचा आणि तीन-तीन आठवडे काढत राहायचा.

तिसऱ्या वर्षी लिव्हिना त्याला सूप द्यायला गेली आणि वाडगा हातात धरून उभीच राहिली. समोर तिचंच स्वयंपाकघर होतं. तीच खिडकी, तोच दुधाचा टोप, भिंतीवरचा तोच क्रूस, आणि खिडकीच्या कडेपर्यंत काळं, गार, हलणारं पाणी. ती त्या पाण्यातून रोज चालत होती, रोज ते झाडत होती, आणि आज तिला ते पहिल्यांदा दिसलं. घोट्यांना गारवा लागला म्हणून तिनं खाली बघितलं. मग हळूच बोट पुढं करून चित्राला लावलं. बोट कोरडंच राहिलं, तरी तिनं ते एप्रनला पुसलं.

“घाबरलीस का, आई?” एव्हारिस्तनं विचारलं.

“घाबरले,” ती म्हणाली. “पण बघू दे अजून.”

सूप निवलं. त्या रात्री तिनं गोमारला सांगितलं, “तो एवढं सगळं सोसतो, आणि मग शांतपणे बसून त्याचे रंग मोजतो. देवाशप्पथ, मला हे झेपत नाही.”

ब्रसेल्सचा व्हाल्के नावाचा एक माणूस चित्रं बघायला येऊ लागला. चित्रांची दुकानं चालवायचा, दाढीला अत्तर लावायचा. वाईट नव्हता. चित्रापुढं टोपी काढून उभा राहायचा आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. त्याच्यामुळं ती चित्रं पॅरिसला गेली, बर्लिनला गेली, एव्हारिस्तचं नाव झालं.

पण दहाव्या-अकराव्या वर्षी चित्रं बदलली. लिव्हिनाचा हात आता इतका सरावला होता की पाण्याला फरशी भिजवायचीही सवड मिळत नसे. चाराला पाच कमी असतानाच तिचं दार उघडायचं. एव्हारिस्तला झोप लागायला लागली, अंगावर थोडं मांस चढलं, आणि तो कोबी काढायला लागला. एकामागून एक कोबी. लिव्हिनाला कोबी आवडायचा, पण सूपमध्ये. ती त्या चित्रांपुढं उभी राहायची आणि तिला काहीच व्हायचं नाही. एकदा तिनं बघितलं, एव्हारिस्त सुरीनं एक कोबी खरवडून काढत होता. “हे मेलेलं आहे, आई,” तो म्हणाला. हे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात.

त्या शरदात व्हाल्के आला तो थेट स्वयंपाकघरात. आधी हवेबद्दल बोलला, मग कॉफीची तारीफ केली. लिव्हिना म्हणाली, “ताकाला आलात ना? मग भांडं कशाला लपवता?”

“बाई,” तो म्हणाला, “तुम्ही फार चांगलं झाडता.”

“म्हणजे?”

“एक दिवस झाडू नका. एकच. पाणी जरा चढू द्या. त्याच्या आत जे आहे ते पुन्हा कुणाला मिळणार नाही, आणि तुम्ही ते रोज परसात लोटून देता.”

लिव्हिनानं त्याला हाकलून द्यायला हवं होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर दिलंही असतं. पण भट्टीच्या खोलीतलं ते काळं पाणी तिला आठवलं, खरवडलेला कोबी आठवला. तिला वाटलं, आपण बाई माणूस, खराटा घेऊन केवढ्या मोठ्या गोष्टीच्या आड येतोय. हा लोभ नव्हता. एव्हारिस्तलाच ते हवंय असं तिला वाटलं. गोमारला तिनं विचारलं नाही, कारण तो काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं.

मंगळवार होता. चार वाजले. तिनं मागचं दार उघडलं नाही. एप्रनखाली हात घेऊन ती चुलीजवळ उभी राहिली. एव्हारिस्तनं पाय बाकावर घेतले, खराट्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

“आई, आलं.”

ती दुधाच्या टोपाकडं बघत राहिली.

“आई, गुडघ्यापर्यंत आलं.” तो टेबलावर चढला. “आई, तू बघत का नाहीस?”

आता वळावं, आता खराटा घ्यावा, असं म्हणेपर्यंत त्यानं ते केलं जे अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं. तो टेबलावरून खाली, पाण्यात उतरला. हनुवटी वर धरून, धापा टाकत, कोपऱ्यातला खराटा ओढून तिच्या अंगावर धावून आला. खराटा तिच्या पायांपाशी सपासप आदळायला लागला. दांडा नडगीवर बसला, मनगटावर बसला. ती मागं सरली ती चुलीवर, कोपर भाजलं, आणि ती किंचाळली. शेजारचे दोघं भाऊ धावत आले. त्यांनी त्याला धरलं तरी त्याचे हात चालूच होते.

पाहुण्यानं घरच्या माणसावर हात उचलला की त्याला पुन्हा घरात ठेवत नाहीत. गेलचा हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. एव्हारिस्तला दवाखान्याच्या बंद खोलीत नेलं. कागदावर लिहिलं गेलं: घरच्या बाईला खराट्यानं मारलं.

गोमारनं तिच्या कोपराला लोणी लावलं. सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, “तुझ्या आईनं काय शिकवलं होतं तुला?” त्या दिवशी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली. “कागद बदला. त्यानं मारलं ते खरं, पण आधी मी मारलं.”

“तुम्ही? कशानं?”

“मी खराटा उचलला नाही.”

डॉक्टर वीस वर्षं गेलमध्ये होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, “कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“कुणी का सांगेना. हात माझे होते.”

कागद बदलून तो सुटायला नऊ महिने लागले. दर रविवारी ती केशर घातलेली भाताची खीर घेऊन चालत जायची आणि दाराशी देऊन परत यायची. त्या नऊ महिन्यांत एव्हारिस्तनं एकच चित्र काढलं. व्हाल्केनं ते रंग वाळायच्या आत उचलून नेलं, आणि तेच ते चित्र जे आज शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. वर्तमानपत्रात ते छापून आलं, काळं, बोटभर. लिव्हिनानं त्या पानात मासळीचे काटे बांधून टाकले. तिला बघायचं नव्हतं. आपण आपल्या माणसाला बुडवलं, त्या दिवसाचं ते चित्र. आणि त्यात आपण कशा दिसत असू, हे बघायची तिची छाती नव्हती.

तो परत आला. चार वाजले, तिनं झाडलं, त्यानं कॉफी प्यायली. सात वर्षं तो तिच्याकडं राहिला, कोबी काढले, अधूनमधून पाणीही काढलं. त्यानं आपल्याला माफ केलं का, एवढं एकच तिला जाणून घ्यायचं होतं. कित्येकदा शब्द ओठांपर्यंत आले. पण पाहुण्याला विचारायचं नाही. तिनं एकदा नियम मोडून बघितला होता, दुसऱ्यांदा मोडला नाही. एका हिवाळ्यात छातीत कफ होऊन एव्हारिस्त गेला. व्हर्बिस्तांच्या ओळीत, गोमारच्या आईशेजारी त्याला पुरलं. प्रश्न तसाच राहिला.

दोन वर्षांनी ते चित्र अँटवर्पच्या संग्रहालयात लागलं. गोमार म्हणाला, “आपलं स्वयंपाकघर सगळ्या जगानं बघितलं. घरच्या बाईनंच बघू नये, हा कुठला न्याय?” तिनं नाना सबबी सांगितल्या. शेवटी त्यानंच तिचे शहरात घालायचे बूट पुसून दारात ठेवले.

दालनात गर्दी होती. एक गृहस्थ चार बायकांना समजावून देत होते. भोवती पाण्याची भिंत, खिडकीच्याही वर गेलेली, आणि मधोमध हा कोरडा गोल. हे चित्रकाराचं रितेपण, ते म्हणत होते, आजारानं पोखरून ठेवलेली त्याच्या मनातली ओसाड जागा. बायका माना डोलावत होत्या.

लिव्हिना पुढं गेली. पाणी तेच होतं, काळं, हलणारं, आणि पुन्हा तिच्या घोट्यांना गारवा लागला. मग तिनं तो गोल बघितला. लाल फरशी, एकेक सांधा स्वच्छ. फरशीवर लाकडी बुटांचा एक जोड, आत कुणी नाही. डाव्या बुटाच्या टोकाला पत्र्याची पट्टी, तीन खिळे. तिचा घरात घालायचा बूट फुटला होता तेव्हा गोमारनं ठोकलेली. आणि बुटांपासून बाहेर, चारी बाजूंनी, खराट्याचे फराटे. पाणी लोटत नेलेलं, दूर, आणखी दूर.

त्यानं तिला मारलं नव्हतं. ती झाडत नव्हती, पाणी चढत होतं आणि ती त्यात नुसती उभी होती. ती बुडतेय असं त्याला दिसलं. ज्या पाण्याला तो जन्मभर भ्याला त्यात तो गळ्यापर्यंत उतरला, आणि तिच्या पायांभोवती झाडत राहिला. दोन माणसांनी धरलं तरी झाडत राहिला. सात वर्षं तिनं जे विचारलं नाही, त्याचं उत्तर त्यानं आधीच देऊन ठेवलं होतं, आणि जगातल्या सगळ्यांनी ते बघितलं होतं, तिच्याशिवाय.

तिच्या डोळ्यांना धार लागली. चित्राच्या फार जवळ गेली म्हणून पहारेकरी आला. भला माणूस होता, हळूच म्हणाला, “बाई, जरा मागं सरकता का?”

“कशी सरकू?” लिव्हिना म्हणाली. “मागं पाणी आहे.”

पहारेकऱ्यानं फरशीकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्या चार बायकाही बघायला लागल्या.

गोमार गेलचा होता. त्यानं कुणाकडंही बघितलं नाही. काखेतली छत्री काढली, वाकला, आणि बायकोच्या टाचांपासून थेट दालनाच्या दारापर्यंत झाडत गेला, चांगला दम लागेपर्यंत. मग परत येऊन त्यानं तिचा हात धरला.

“चल,” तो म्हणाला. “कोरडं केलंय.”