चौदा नंबरचे शेरे

माझा दादा एकोणतीस वर्षं एकाच खोलीत, एकाच भिंतीकडे तोंड करून बसला आणि लिफ्टच्या देखभालीची पुस्तिका नीटनेटकी करत राहिला. एवढं सांगितलं की लोक जांभया देतात. द्या खुशाल. मी त्याची धाकटी बहीण आहे आणि मला त्याच्याबद्दल सांगायचंच आहे.

त्याचं काम त्याने मला दहा वेळा समजावलं, तेव्हा कुठे अकराव्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. पुस्तिकेतल्या प्रत्येक वाक्याला खूण लावायची: ही सूचना, हा इशारा, हा सुट्या भागाचा क्रमांक. नुसती फाइल उघडली तर मजकुरापेक्षा खुणाच जास्त दिसत. ती माणसासारखी वाचता यावी म्हणून एक खास ब्राउझर होता. इंटरनेटशी त्याचा काही संबंध नव्हता, तो फक्त अशी खुणा लावलेली पुस्तकं दाखवायचा. डावीकडे प्रकरणांची यादी, उजवीकडे मजकूर आणि वर एक बटण. त्या बटणाने तेच पान मेकॅनिकला वेगळं दिसे आणि तपासनिसाला वेगळं, म्हणून ऑफिसात सगळे त्या ब्राउझरला ‘चष्मा’ म्हणत. तपासणीचा चष्मा लावला की समासात पिवळे शेरे दिसू लागत. प्रत्येक शेऱ्याखाली लिहिणाऱ्याचा नंबर आपोआप पडे. तो हाताने बदलता यायचा, पण दुसऱ्याच्या नंबराने शेरा लिहिणं म्हणजे त्या खोलीत खोटी सही करण्यासारखंच मानत.

दादा नऊ नंबर. चौदा नंबर म्हणजे पुढे माझी वहिनी झाली ती.

दादाचं काम ती तपासायची. तिचे सुरुवातीचे शेरे अगदी कोरडे होते. ‘कृपया आकृती चार पुन्हा पाहावी.’ वर्षभरात त्याचं ‘अरे, आकृती चार!’ झालं. आणि एक दिवस ब्रेकच्या प्रकरणात, तेलाच्या पातळीशेजारी, ‘निळा शर्ट घालू नकोस. त्यात तू आजारी दिसतोस.’

दादाने घरी येऊन मला विचारलं, “मी निळ्या शर्टात आजारी दिसतो का गं?”

“तू सगळ्याच शर्टांत दिसतोस. पण विचारतंय कोण?” मी म्हटलं. तो कानापर्यंत लाल झाला. सहा महिन्यांत लग्न झालं.

दोघंही घुमे. घरी जेवताना मीठ हवं असलं तरी हात दाखवणार. पण ऑफिसात एकमेकांकडे पाठ करून बसले की वहिनीला समासात कंठ फुटायचा. घरातला रुसवा, माहेरची चिंता, माझ्या लग्नाची चर्चा, सगळं दारांच्या आणि दोरांच्या प्रकरणांतून चाले. माझा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा वहिनीने दुसऱ्या दिवशी ‘आपत्कालीन थांबा’ या मथळ्याशेजारी लिहिलं होतं, ‘मुलगा बरा आहे, पण फार बोलतो.’ आहेच तसा तो.

मग एकदा घात झाला. शेरे काढून टाकायचं कुणीतरी विसरलं आणि पुस्तिका तशीच छापली गेली. गावोगावच्या मेकॅनिकांनी वाचलं: ‘आधी दोन्ही स्क्रू सैल करा, मग झाकण काढा. आणि कालचा राग सोड आता.’ साहेबांनी वहिनीला सगळ्यांसमोर उभं करून ते मोठ्याने वाचायला लावलं. ती जिन्यात जाऊन रडली. दादा साहेबांना एक शब्द बोलला नाही. त्याबद्दल मी त्याला कितीतरी वर्षं टोमणे मारले आहेत.

त्याने त्याच्या पद्धतीने उत्तर दिलं. तीन आठवडे खपून एक नियम लिहिला. ऑफिसच्या ज्या यंत्रात, म्हणजे कॉम्प्युटरात, पुस्तिका होती, त्यातून ती कुठल्याही वाटेने बाहेर निघाली, की आधी सगळे शेरे गळून पडणार. मग यंत्र मोजदाद करणार आणि ‘शेरे: शून्य’ असं हिरव्या अक्षरांत उमटलं तरच प्रत बाहेर पडणार. एकही फट त्याने ठेवली नाही. त्याच्या बायकोवर पुन्हा कुणी हसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

वहिनी म्हणाली, “आता बघच. मी काय वाट्टेल ते लिहिणार.”

आणि तिने लिहिलं. अठरा वर्षं.

मग तिला पोटाचं दुखणं जडलं. शेवटच्या दोन महिन्यांत ती हट्टाने अर्धा दिवस कामाला जाई. दादा रजा टाकून हॉस्पिटलात रिपोर्टांमागे या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत असे, त्यामुळे तिने तपासलेली शेवटची सहा प्रकरणं त्याने पाहिलीच नाहीत. ती त्याला म्हणाली, “छत्तीसपासून पुढे बरंच लिहिलंय तुझ्यासाठी. सावकाश वाच. एका बैठकीत फडशा पाडू नकोस.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

ती गेल्यावर दादाने तिचा शब्द अक्षरशः पाळला. रोज डब्याच्या सुट्टीत तो तपासणीचा चष्मा लावायचा आणि पहिल्या प्रकरणापासून तिचे शेरे वाचायचा, दिवसाला दोन-तीन. मी म्हणायचे, “अरे, आधी शेवटचं वाच की!” तो म्हणे, “येतोय ना मी. सुरुवातीपासून येतोय.” मला कळत होतं. ती सहा प्रकरणं संपली की वहिनी पुन्हा काही बोलणार नव्हती.

तो पस्तिसाव्या प्रकरणाशी आला आणि ऑफिसात नवी व्यवस्था आली. जुना ब्राउझर बंद, जुन्या यंत्रातलं सगळं पुसून टाकायचं. आताचे साहेब माणूस म्हणून भले. दादाने ब्राउझर आणि पुस्तिकेची एक प्रत घरी नेण्याची परवानगी मागितली, त्यांनी लगेच दिली. यंत्र पुसायचं कामही दादाकडेच होतं. प्रत काढायची, पडताळायची, मग पुसायचं. त्याने शुक्रवारी ते केलं आणि मला फोन केला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मोकळा वाटला. “रविवारी ये,” म्हणाला, “छत्तिसावं उघडणार आहे.”

मी गेले तेव्हा पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडलेला होता आणि शेजारी वहिनीची खुर्ची ओढून ठेवली होती. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. निळा नव्हे.

त्याने छत्तिसावं प्रकरण उघडलं, तपासणीचा चष्मा लावला. समास पांढरा. त्याने सदतिसावं उघडलं. पांढरा. मग मागे, ब्रेकच्या प्रकरणात गेला. तेलाची पातळी होती, शेजारी काही नव्हतं.

“तुझं बटण चुकलंय काहीतरी,” मी म्हटलं.

“नाही गं. मी सगळं पडताळलं होतं.” तो बोटांवर मोजायला लागला. “प्रकरणं एक्केचाळीस. आकृत्या बाराशे सहा. शेरे शून्य.”

तिथे तो थांबला.

“हिरवं आलं,” तो म्हणाला. “हिरवं आलं म्हणून मला बरं वाटलं.”

मी त्याला भरपूर बोलले. असा कसा विसरलास, तुझाच नियम ना, दुसरी एखादी प्रत असेलच की कुठेतरी. दुसरी प्रत नव्हती. अठरा वर्षांत बाहेर पडलेली प्रत्येक प्रत त्याच दारातून गेली होती, आणि ते दार त्याने स्वतः इतकं चोख बांधलं होतं की त्याला स्वतःलाही चोरून काही नेता आलं नसतं. माझं बोलून संपल्यावर मी रडले. तो रडला नाही.

महिन्याभराने तो लिहायला बसला. पस्तीस प्रकरणांतले शेरे त्याला जवळजवळ तोंडपाठ होते. एकेक आठवून तो ज्याच्या त्याच्या जागी घालू लागला: आकृती चार, निळा शर्ट, माझा बडबड्या नवरा. प्रत्येकाखाली ब्राउझर आपोआप नऊ टाकत होता.

“चौदा कर की रे ते. आता कोण तपासायला येतंय?” मी म्हटलं.

“हे चौदाने लिहिलेलं नाही,” दादा म्हणाला. “तिच्या नंबराने मी कसं लिहू?”

सगळे शेरे तिचे, आणि खाली नंबर याचा. मला ते बघवत नव्हतं, पण तो ऐकेल तर तो दादा कसला.

परवा गेले तेव्हा पस्तिसावं संपलं होतं. पडद्यावर छत्तिसावं उघडं होतं, काउंटरवेटची, म्हणजे लिफ्ट तोलणाऱ्या वजनाची, साफसफाई. दादा आत चहा टाकत होता. मी वहिनीच्या खुर्चीत बसले आणि वाचलं. अख्ख्या समासात एकच पिवळा शेरा होता. ‘वाचायचं राहिलं.’ खाली नऊ.