पिकअपचं नाक अडीच इंच वर

आमची पिकअप गर्विष्ठ झाली, त्याला मी एकटी जबाबदार आहे.

मुळात ती गरीब स्वभावाची होती. हॅरोच्या टेकडीवर, आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटसमोर नाक खाली घालून उभी असायची. माझ्या जेवणाच्या ऑर्डरी पोचवायला ह्यांनी ती सेकंडहँड घेतली होती. (ऑर्डरी तोवर दोनच आल्या होत्या, आणि त्यातली एक माझ्या नणंदेची!) हे रोज संध्याकाळी तिच्याभोवती फेरी मारायचे.

"बघ, कशी मान खाली घालून उभी आहे! अगदी तुझ्यासारखी लाजते."

"मग लाजू द्या ना. कुणाचं काय बिघडतंय?"

"अगं, तुझी आमटी पुढे घसरेल, त्याचं काय?"

हे मात्र मला लागलं. पुढच्या शनिवारी ईलिंगच्या एका हॉलमध्ये बारसं होतं आणि साठ माणसांची पुरणपोळी न् कटाची आमटी माझ्याकडे होती. जेवण आवडलं तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाची ऑर्डरही मलाच द्यायची, असं बाळाची आजी म्हणाली होती. आमटी नीट पोचायलाच हवी होती!

गॅरेजवाल्या केव्हिननं उपाय सांगितला. लेव्हलिंग किट! म्हणजे पुढच्या स्प्रिंगांवर जाड चकत्या बसवायच्या, की गाडीचं नाक उचललं जातं आणि गाडी सरळ. चकत्या तीन मापांच्या होत्या : एक इंच, दोन इंच आणि अडीच.

"अडीच!" हे म्हणाले. "रुबाब दिसला पाहिजे."

"बाबा, एक इंच घ्या," आमची नेहा म्हणाली. ती जन्मली इथेच, त्यामुळे तिचं मराठी तिच्या सोयीनं चालतं. "तो ट्रक आहे, उंट नाही आहे!"

दोघांचा वाद दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी, कधी तोंड न उघडणारी मी बोलून गेले, "गाडीत मागे परात ठेवून त्यात पाणी घाला, म्हणजे कळेल." (गप्प बसले असते तर!)

परात ठेवली. पाणी सगळं पुढच्या कडेला. ह्यांनी पुढच्या चाकांखाली फळ्या सरकवल्या. तरी पाणी पुढेच. फळ्या संपल्या, तेव्हा माझे दोन पोळपाट घेतले. पाणी मधोमध आलं! एक पोळपाट कडकन मोडला, पण तो मोडायच्या आत ह्यांनी टेप लावली होती. बरोब्बर अडीच इंच.

"आई, तुझा परात जीनियस आहे!" नेहा म्हणाली. मी लाजले.

दुसऱ्या दिवशी केव्हिनचा फोन आला. घरात मी एकटी. फोनवर इंग्रजी म्हटलं की मला धड काही कळत नाही. तो बराच वेळ बोलला. मी मध्येमध्ये "येस, येस" म्हणत राहिले. शेवटी त्यानं काहीतरी विचारलं, त्यातले दोनच शब्द मला कळले. पहिला 'ड्राइव्ह' आणि शेवटचा 'फ्लॅट'.

"येस," मी म्हटलं. "फ्लॅट."

"कम्प्लीटली फ्लॅट?"

"येस, येस! कम्प्लीटली फ्लॅट. नो शेअरिंग."

मग तो "लव्हली" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, फ्लॅटचं कौतुक केलं!

किट बसलं. दारात उभ्या गाडीत परात ठेवली, तर पाणी आरशासारखं. ह्यांनी नारळ फोडला.

शनिवारी पातेल्यांची तोंडं फडक्यांनी बांधून आम्ही निघालो. टेकडी उतरून सपाट रस्त्याला लागलो मात्र, गाडीनं नाक वर केलं! त्यात मागे आमटीचा भार. मला समोर रस्ता दिसेना, फक्त ढग आणि डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरची माणसं.

"अहो, रस्ता कुठे गेला?"

"खालीच असेल! तू मागे बघ."

मागे बघितलं तर पातेली एकामागून एक मागच्या फळक्याकडे निघालेली. दुपारीच अंधारून आलं होतं, आमचे दिवे लोकांच्या डोळ्यांत. समोरून येणारा प्रत्येक जण दिवे मारत होता आणि हे हात हलवून म्हणत होते, "बघ, सगळे ओळख देतायत!"

हॉलपाशी पोचलो, तेव्हा निम्मी आमटी रस्त्यावर गेली होती. ह्यांनी तिथूनच केव्हिनला फोन लावला आणि फाडफाड बोलले. मग ऐकू लागले. मग माझ्याकडे वळले.

"तो विचारत होता, गाडी उभी करतो ती जागा सपाट आहे का. तू काय सांगितलंस?"

"ओह नो, आई!" नेहा किंचाळली. "आपला ड्राइव्ह तर घसरगुंडी आहे! गाडी वाकली नव्हती, आपला टेकडी वाकला होता!"

मी पदरात तोंड लपवून हॉलच्या किचनमध्ये शिरले. उरलेल्या आमटीत कढत पाणी ओतलं, मीठ, गोडा मसाला, चिंच-गूळ घातला, वर तुपाची चरचरीत फोडणी दिली आणि देवाचं नाव घेतलं. थोड्या वेळानं बाळाची आजी वाटी घेऊन आत आली.

"अहो, कटाची आमटी अशीच हवी! इथे सगळे पिठल्यासारखी घट्ट करतात. संक्रांतीला हीच करा."

केव्हिननं चकत्या काढल्या, पिकअप पुन्हा लाजायला लागली. हे अजून पाहुण्यांना आमचा फ्लॅट दाखवताना 'कम्प्लीटली' म्हणतात. पाणी आपली पातळी सोडत नाही, हे मला चौथीत शिकवलं होतं आणि ते अगदी खरं आहे. उताराचा धडा बहुतेक पाचवीत असावा!